योगक्षेम आणि लेकीचा वाटा



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २२.

हा श्लोक आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. जे अनन्यभावाने माझं चिंतन करतात त्यांच्या योगक्षेमाचा भार मी वाहतो, असं भगवंत इथे सांगतात. योग म्हणजे जे आपल्याकडे नाही ते मिळणं. क्षेम म्हणजे जे मिळालंय ते राखलं जाणं. संसारात पडलेल्या माणसाची सगळी धावपळ या दोन शब्दांत बसते. पगार हा योग, बचत हे क्षेम. घर घेणं हा योग, ते हातातून जाऊ न देणं हे क्षेम.

माउलींनी या श्लोकावर बोलताना पक्षिणीचा दाखला दिलाय. पिलांना अजून पंख फुटलेले नाहीत, म्हणून ती पक्षीण त्यांच्यासाठी जगते. त्याच ओघात आईही येते. ती स्वतःची तहानभूक विसरून तान्ह्याला जे हिताचं ते करते. भगवंत भक्ताचा भार कसा वाहतात हे सांगायला माउलींना याहून जवळची उपमा सापडली नाही. लग्नाआधीपासून मी हा भाग वाचत आले आहे, आणि प्रत्येक वेळी स्वतःला पिलाच्या जागी ठेवूनच वाचलं. गेल्या वर्षापासून मात्र मला तो पक्षिणीच्या जागेवरून वाचावा लागतोय. घरात एक आठ वर्षांचं पिलू आहे, आणि चोच आता एकच आहे.

जुन्या वाचकांना माझी परिस्थिती ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात सांगते. यजमान गेले तेव्हा आमच्या घराच्या कर्जाला पाच वर्षं झाली होती. कर्ज दोघांच्या नावावर, घरही दोघांच्या नावावर. त्यांच्या मुदत विम्याचे ५० लाख रुपये आले. तेव्हापासून घरात आणि घराबाहेर जो तो एकच प्रश्न विचारतोय : कर्ज फेडून टाकणार का?

वरवर हा पैशाचा प्रश्न वाटतो. मीही आधी त्याला तसंच घेतलं आणि एक्सेल उघडलं. पण हिशेब पूर्ण झाल्यावर माझ्या लक्षात आलं की खरा प्रश्न हिशेबाच्या पलीकडे आहे. आज त्याबद्दलच लिहायचंय, कारण माझ्यासारख्या वाटेवरून चाललेल्या दोन-तीन वाचकांनी हेच विचारलंय.

आधी हिशेब

कर्ज ४० लाखांचं, मुदत २० वर्षं. व्याजदर मधल्या काळात वरखाली झाला, पण सोयीसाठी ८.५ टक्के धरू. हप्ता येतो ३४,७१३ रुपये. पहिल्या महिन्याच्या हप्त्यात व्याज असतं २८,३३३ रुपयांचं, आणि मुद्दलात जातात जेमतेम ६,३८० रुपये. पाच वर्षांत साधारण २० लाख ८३ हजार रुपये भरून झाले तरी मुद्दल कमी झालेलं असतं फक्त पावणेपाच लाखांनी. बाकी राहतात ३५ लाख २५ हजार. यात बँकेची काही लबाडी नाही, हप्त्याचं गणितच तसं आहे. सुरुवातीला मुद्दल मोठं म्हणून व्याज मोठं. त्यामुळेच कर्ज लवकर फेडण्याचा फायदाही सुरुवातीच्या वर्षांत सर्वांत जास्त. शिवाय व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर बँकेला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच तो बंद केला.

माझे सहकारी म्हणतात, साडेआठ टक्क्यांचं कर्ज राहू दे आणि पैसे बारा टक्क्यांनी गुंतव. माझं उत्तर सोपं आहे. फेडलेल्या कर्जावर वाचणारं व्याज नक्की असतं, बाजारातला परतावा नक्की नसतो. दोन पगार असलेल्या घराने ही जोखीम घ्यावी की नाही ते त्यांनी ठरवावं. एका पगाराच्या घराला अनिश्चिततेची हौस परवडत नाही.

सासूबाईंचं म्हणणं त्याच्या उलट टोकाचं. "अगं, डोक्यावर कर्ज असताना झोप तरी कशी लागते? आलेत पैसे तर टाक फेडून आणि मोकळी हो." त्यांच्या पिढीने पतपेढीचा वसुलीवाला दारात उभा राहिलेला पाहिलाय. त्यांच्यासाठी कर्ज म्हणजे अब्रूचा प्रश्न. त्यांच्या बोलण्यात काळजी आहे, आणि शहाणपणही आहे. कर्ज फेडलं असतं तर हप्ता संपला असता आणि वर १४ लाख ७५ हजार हातात राहिले असते. कागदावर हे उत्तर अजिबात वाईट नाही, हे मी प्रामाणिकपणे मान्य करते.

आणि खरं सांगायचं तर मन त्याच बाजूला ओढत होतं. त्याचं कारण माझी लेक. कुणाच्या तरी बोलण्यातून तिच्या कानावर काहीतरी पडलं असावं. एका रात्री अंथरुणात तिने विचारलं, "आई, बाबा नाहीत तर मग बँक आपलं घर घेऊन जाणार का?" आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडून हे ऐकल्यावर कुठल्याही आईला वाटेल की उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे बँकेत जाऊन ते खातं बंद करणं.

पण पैसे कुणाचे?

इथे एका कायद्याबद्दल सांगायला हवं, कारण पुष्कळ घरांत तो माहीत नसतो. १८७४ सालचा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आहे. त्याच्या सहाव्या कलमानुसार नवऱ्याने स्वतःच्या आयुष्याचा विमा बायको-मुलांच्या नावे घेतला, तर ती रक्कम त्याच्या इस्टेटीत धरली जात नाही. ती बायको-मुलांसाठी ठेवलेली विश्वस्त ठेव मानली जाते. नवऱ्याच्या देणेकऱ्यांना तिला हात लावता येत नाही. विमा घेतानाच एक जादा फॉर्म भरावा लागतो, एवढंच. यजमानांनी तो भरला होता. लाभार्थी दोघी, मी आणि लेक, निम्मा-निम्मा वाटा. विश्वस्त म्हणून नाव माझ्या दिरांचं.

म्हणजे ५० लाखांपैकी माझे २५. उरलेले २५ तिचे. देणं ३५ लाख २५ हजार. कर्ज पूर्ण फेडायचं तर माझे सगळे जातात आणि वर सव्वादहा लाख तिचे लागतात. मग माझ्याकडे शून्य उरतं. उद्या माझी नोकरी गेली किंवा मी आजारी पडले, तर घर चालणार ते तिच्या उरलेल्या पैशांवर.

आता दुसरी बाजू. यजमानांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांच्या अर्ध्या घराचे वारस तिघं : पत्नी, मुलगी आणि त्यांची आई. सोसायटीच्या कागदावर नॉमिनी कुणीही असो, वारसा असाच जातो. म्हणजे अख्ख्या घरात सासूबाईंचा एक षष्ठांश, लेकीचा एक षष्ठांश, आणि माझे दोन तृतीयांश. लेकीचे सव्वादहा लाख ज्या घरात घालायचे, त्या घराच्या सहा भागांतला तिचा एकच. शिवाय तिचा वाटा आहे म्हणून ते घर विकणं सोपं नाही. अज्ञान मुलाची स्थावर मालमत्ता विकायची तर आईलासुद्धा कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. भिंतीत गेलेला पैसा दवाखान्याच्या काउंटरवर लगेच काढून देता येत नाही.

मी दिरांना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही म्हणाल तिथे मी सही करतो. तुम्ही तिचं वाईट थोडंच करणार आहात?"

वाचकहो, मला अडवणारं कुणीही नव्हतं. विश्वस्त सही करायला तयार होते, सासूबाई आग्रह करत होत्या, बँक अर्थातच खूश झाली असती. आणि जिचे पैसे ती इयत्ता तिसरीत. अशा वेळी जो प्रश्न उरतो तोच खरा नैतिक प्रश्न, असं मला वाटतं. कुणी विचारणारं असेल तर आपण नीट वागतोच. ज्याचा हक्क आहे त्याला मागताच येत नसेल, तेव्हा आपण काय करतो?

मी त्या व्यवहाराचं नाव बदलून पाहिलं. "कर्ज फेडलं" याऐवजी "आईने मुलीकडून सव्वादहा लाख घेतले" असं कागदावर लिहिलं आणि सगळं स्वच्छ दिसलं. मी कर्जमुक्त होणारच नव्हते, फक्त सावकार बदलणार होता. जुना सावकार दर महिन्याला मेसेज पाठवतो, व्याज लावतो, हप्ता चुकला तर नोटीस काढतो. नवा सावकार आठ वर्षांचा. ना तो हप्ता मागणार, ना तगादा लावणार. विसरायला याहून सोपं कर्ज नाही. आणि सासूबाईंना आवडणारी ती शांत झोप मला लागली असती ती नेमकी या विसरण्यामुळे.

तुकोबांनी आधी काय केलं

या विचारात असताना तुकोबांच्या चरित्रातला एक प्रसंग पुन्हा आठवला. आपण तो कीर्तनात अनेकदा ऐकलाय. देहूचं हे घराणं व्यापाराचं आणि महाजनकीचं. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. त्यात तुकोबांची पहिली पत्नी गेली, मुलगा गेला. पुढे त्यांनी लोकांकडून येणं असलेल्या पैशांची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. कीर्तनकार या जागेवर थांबतात, टाळ वाजतात, आणि आपल्या मनात ती नदी आणि ते कागद राहतात.

पण त्याच्या आधीचं एक पाऊल आपण पटकन ओलांडतो. परंपरा सांगते की तुकोबांनी आधी त्या खतांची वाटणी केली. धाकटा भाऊ कान्होबा, त्याचा निम्मा हिस्सा त्याच्या हाती दिला. मग स्वतःच्या वाट्याची खतं बुडवली.

विचार करा. वैराग्य एवढं प्रखर होतं की येणी असलेली सगळी रक्कम त्यांना कस्पटासमान वाटत होती. तरी भावाचा हिस्सा त्यांनी आपल्या वैराग्याच्या प्रवाहात सोडला नाही. भावाला संसार होता, त्याला त्या पैशांची गरज होती. तुकोबांना जे ओझं वाटत होतं, ते भावाचं क्षेम होतं. सोडणं हे पुण्य असेलही, पण सोडता येतं ते फक्त स्वतःचं. दुसऱ्याच्या वाट्यातून केलेला त्याग हा त्याग नसतो, मग त्यामागची भावना कितीही निर्मळ असो.

अर्थात तुकोबा येणं सोडत होते आणि मी देणं फेडणार होते, हा फरक आहे. पण मोकळं होण्याची ओढ दोन्हीकडे आहे, आणि मोकळं होण्याआधी वाटणी करायची हा धडा दोन्हीकडे लागू पडतो.

इथे कुणी म्हणेल, अहो, मुलगी त्याच घरात राहते ना? तिच्या डोक्यावरचं छप्पर राखायला तिचे पैसे वापरले तर बिघडलं कुठे? हा आक्षेप मला मोलाचा वाटतो. घर खरोखरच जाण्याची वेळ आली असती, माझा पगार नसता, हप्ते थकले असते, तर मी तिचा वाटा बिनदिक्कत वापरला असता. बापाने तो त्यासाठीच ठेवलाय. पण माझा पगार चालू आहे, हप्ता जातोय. माझ्या बाबतीत प्रश्न गरजेचा नव्हता, माझ्या सुटकेचा होता. गरजेला तिचा पैसा लागला तर तो तिच्यासाठीच खर्च झाला. माझ्या मनाच्या शांतीला तो लागला, तर ती शांती मी तिच्याकडून विकत घेतली. बाहेरून दोन्ही व्यवहार सारखेच दिसतात. आतला फरक फक्त आपल्याला आणि भगवंताला कळतो.

मग काय ठरवलं

तिचे २५ लाख वेगळे ठेवले, तिच्या शिक्षणाच्या आणि वयाच्या हिशेबाने. कागदपत्रं विश्वस्त म्हणून दिरांच्या सहीने. त्यांना मी एकच सांगितलं, "भावजी, मी मागितले तरी आधी कशासाठी ते विचारा." ते हसले, पण त्यांना कळलं.

माझ्या २५ लाखांपैकी १० लाख बाजूला काढले. हप्ता धरून आमचा साधारण वर्षभराचा खर्च त्यात निघतो. उरलेले १५ लाख कर्जात भरले. बाकी राहिले २० लाख २५ हजार.

इथे एक छोटी गोष्ट, जी बऱ्याच जणांना माहीत नसते. मोठी रक्कम भरल्यावर दोन पर्याय असतात : हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा, किंवा मुदत तीच ठेवून हप्ता कमी करा. सगळे मुदत कमी करायला सांगतात, कारण व्याज जास्त वाचतं. हिशेब बरोबर आहे. ३४,७१३ चाच हप्ता ठेवला तर उरलेलं कर्ज साधारण सहा वर्षं चार महिन्यांत संपतं. पण मी हप्ता कमी करून घेतला. तो आता १९,९४२ रुपये आहे. आणि वरचे १४,७७१ रुपये मी दर महिन्याला स्वतःहून मुद्दलात भरते. व्याज जवळपास तेवढंच वाचतं, कर्जही त्याच सुमाराला संपतं, तेव्हा लेक चौदा वर्षांची असेल. फरक पडतो तो वाईट महिन्यात. पगार थांबला तर बँक माझ्याकडून वीस हजारांच्या आत मागू शकते, पस्तीस हजार नाही. स्वतःहून भरायच्या रकमेला किमान मर्यादा किती, ती मुद्दलातच वळती होते ना, हे मात्र आपापल्या बँकेत आधी विचारून घ्या.

सक्ती लहान ठेवायची आणि संकल्प मोठा ठेवायचा. आपल्या नित्यनेमाचंही असंच नाही का? रोजची एक माळ कधी चुकवायची नाही. ज्या दिवशी जमेल त्या दिवशी पाच. पहिल्याच दिवशी पाच माळांचा नेम धरणारे आठवड्यात थकतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

लेकीलाही मग तिच्या प्रश्नाचं उत्तर देता आलं. "बँक घर नेणार नाही. एक वर्ष आईला पगार मिळाला नाही तरी हप्त्याचे पैसे आपल्याकडे आहेत, आणि तू मोठी व्हायच्या आत कर्ज संपणार आहे." तिने बोटांवर वर्षं मोजली आणि ते तिला पटलं. मुलांना खोटा धीर लागत नाही. खरा आकडा सांगितला तर तो त्यांनाही पेलतो.

न फिटणारं ऋण

आता जे लिहिणार आहे ते लिहायला थोडं अवघड आहे.

ते कर्ज लवकर संपवण्याची जी घाई मला झाली होती, तिच्या तळाशी आणखी काहीतरी होतं. कर्जाच्या प्रत्येक पत्रावर आमची दोघांची नावं असायची. दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता गेल्याचा मेसेज यायचा, आणि आम्ही दोघांनी मिळून केलेला करार आता एकटी पाळतेय हे पुन्हा आठवायचं. ते खातं बंद झालं की ती आठवणही बंद होईल, असं मनाला कुठेतरी वाटत होतं. आणि त्यांच्या जाण्याने आलेल्या पैशाला हात लावण्याचं जे दडपण होतं, तेही एका चेकमध्ये संपलं असतं.

आपल्या शास्त्रांनी माणूस जन्मतःच ऋणी असतो असं म्हटलंय. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. लहानपणी वाटायचं, हे काय, जन्मल्याबरोबर कर्ज? आता वाटतं त्यात मोठी करुणा आहे. ही ऋणं एकदम भरून टाकायची सोयच ठेवलेली नाही. पितृऋण तर ज्यांचं आहे त्यांना परत देताच येत नाही. ते फिटतं पुढच्या पिढीला वाढवून, थोडं थोडं, रोजच्या डब्यात आणि गृहपाठात.

बँकेचं कर्ज फिटलं की ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यावी लागतात, उशीर केला तर बँकेला दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. डिसेंबर २०२३ पासून तसा नियमच आहे. या दुसऱ्या ऋणाला असा ना-हरकत दाखला नाही. यजमानांनी एक जादा फॉर्म भरून लेकीचा वाटा राखून ठेवला, त्याची परतफेड मी त्यांना कशी करणार? ती करता येते फक्त तो वाटा तसाच तिच्या हाती पोचवून. बँकेच्या कर्जाची घाई केलेली चालते. हे दुसरं ऋण घाईने मिटवायला गेलं की आपण त्यांनाच मिटवून टाकतो.

घरात एलआयसीची एखादी जुनी पॉलिसी असेल तर तिच्यावरचं बोधचिन्ह बघा. खाली याच श्लोकातले शब्द आहेत, आणि वर एक दिवा आहे, दोन्ही बाजूंनी दोन हातांनी जपलेला. ते हात ज्योतीला मुठीत घेत नाहीत. वारा लागू नये एवढ्याच अंतरावर उभे आहेत. क्षेम शब्दाचं याहून चांगलं चित्र मला माहीत नाही.

मग भगवंत योगक्षेम वाहतात म्हणजे नक्की काय करतात? पूर्वी मला वाटायचं, वेळ आली की कुठून तरी मदत येते. येतेही कधी कधी. पण आता वाटतं की ते बहुतेक वेळा आपल्याच हातांनी वाहतात. आठ वर्षांपूर्वी लेक जन्मली तेव्हा एका माणसाने कंटाळा न करता एक फॉर्म भरला, तेव्हाही भार तेच वाहत होते. आज तो वाटा मोडायचा नाही असं मला सुचलं, तेव्हाही तेच. पक्षिणीच्या चोचीतला दाणा तिचा नसतो, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. आपल्याला मात्र वाचून, हिशेब करून, देवासमोर बसून शिकावं लागतं.

याच वाटेवरच्या वाचकांसाठी

हाच क्रम सगळ्यांनी पाळावा असं नाही, प्रत्येकाचं घर वेगळं. पण विचारलंत म्हणून सांगते. एखादी मोठी रक्कम आली तर पहिले काही महिने ती साध्या मुदत ठेवीत राहू द्या, दुःखात मोठा निर्णय नको. त्यात कुणाकुणाचा वाटा आहे ते कागदावर लिहा, मुलं लहान असली तरी त्यांची नावं लिहा. वर्षभराचा खर्च बाजूला काढा. स्वतःचा मुदत विमा आणि आरोग्य विमा घ्या, कारण आता मुलांचा एकमेव आधार तुम्ही आहात. मृत्युपत्र करा आणि त्यात मुलांसाठी पालक नेमा, आईलाही तो अधिकार आहे. मग जे तुमचं स्वतःचं उरेल ते कर्जात खुशाल भरा, जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर. कर्जमुक्त होणं ही चांगलीच गोष्ट आहे. सासूबाईंचं ते म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, आणि दर महिन्याला मी त्यांना शिल्लक किती राहिली ते सांगते. आकडा खाली आला की त्या देवापुढे साखर ठेवतात.

आजचा संकल्प : माझ्या हातात जे आहे त्यातलं माझं किती आणि मी सांभाळतेय ते किती, हे आज एकदा शांतपणे बघेन.

विठ्ठला, तू आमचा भार वाहतोस. ज्यांचा भार तू आमच्या हाती दिला आहेस, त्यांचा वाटा आमच्या भीतीपासूनही सांभाळ. आमची देणी आमच्या कष्टाने फिटू देत, आणि जी फिटण्यासारखी नाहीत ती प्रेमाने वाहण्याचं बळ दे.

राम कृष्ण हरी.